खिडकीच्या काचेवर पक्षी आपटतात, ते थांबवायचं कसं: अगदी सुरुवातीपासून सांगतो

जूनचा पहिला आठवडा होता, रात्रभर पाऊस पडून गेलेला, आणि सकाळी सव्वासहाच्या सुमारास हॉलच्या काचेवर ठप्प असा आवाज आला, कोणीतरी ओला टॉवेल फेकून मारावा तसा. गॅलरीत जाऊन बघतो तर कुंड्यांच्या मधे नवरंग पडलेला. हिरवी पाठ, पंखावर तो निळा तुकडा, डोळ्यावरून गेलेला जाड काळा पट्टा, शेपटीखाली लालभडक, आणि चोचीच्या कोपऱ्यात रक्ताचा एक थेंब. हातात घेतला तेव्हा अंग गरम होतं, एकदोनदा पापणी मिटली, आणि पाच मिनिटांत मान टाकली त्याने. हा पक्षी हिवाळा दक्षिण भारतात नाहीतर श्रीलंकेत काढतो आणि पावसाबरोबर इकडे अंडी घालायला येतो, प्रवास रात्रीचा करतो. शेकडो किलोमीटर उडून आला आणि माझ्या चार फुटी स्लायडिंगवर संपला.

काचेवर बघितलं तर तिथे पंख पसरल्यासारखा धुरकट ठसा उमटलेला होता, एकेक पीस मोजता येईल इतका स्पष्ट, आणि त्याच्या बाजूला आधीचे दोन जुने ठसे होते जे मी इतके दिवस धूळ समजत होतो. त्या दिवसापासून या विषयाच्या मागे लागलो. माझ्या पुण्यातल्या टेकडीजवळच्या दुसऱ्या मजल्याच्या फ्लॅटमधे काय काय केलं, काय चुकलं, काय चाललं ते सगळं इथे लिहितोय, म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून धडपडायला नको.

आधी हे समजून घ्या की पक्ष्याला काच दिसतच नाही

आपल्यालाही खरं तर काच दिसत नाही, आपण चौकट बघून, हँडल बघून, सवयीने ओळखतो की इथे काच आहे. पक्ष्याला चौकट म्हणजे काय हे माहीतच नाही. काच त्याला दोन प्रकारे फसवते. एक म्हणजे आरशासारखी: बाहेर उजेड आणि घरात अंधार असला की काचेत समोरचं झाड, आभाळ जसंच्या तसं दिसतं आणि पक्षी त्या झाडाकडे जायला निघतो. दुसरं म्हणजे आरपार: कोपऱ्यातल्या दोन काचा, काचेचं रेलिंग, समोरासमोरच्या खिडक्या, जिथून पलीकडची झाडं दिसतात, तिथे त्याला वाटतं इथून जायला मोकळी वाट आहे.

आणि हे फक्त उंच काचेच्या टॉवरचं दुखणं आहे असं समजू नका. अमेरिकेत २०१४ साली या विषयावर मोठा अभ्यास आला, त्यात तिथे वर्षाला ३६ कोटी ५० लाख ते ९८ कोटी ८० लाख पक्षी काचेवर आपटून मरतात असा अंदाज होता, आणि त्यातले उंच टॉवरवरचे एक टक्क्याहूनही कमी, बाकी सगळे साधी घरं आणि अकरा मजल्यांपर्यंतच्या बिल्डिंग. कारण सोपं आहे, झाडं त्याच उंचीवर असतात आणि पक्षीही.

आपल्याकडे मग हे दिसत का नाही? कारण सकाळी सातच्या आत सगळं साफ होतं. सोसायटीत झाडायला येणाऱ्या मावशींना एकदा विचारून बघा, मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "दादा, महिन्यातून एखाददुसरा मिळतोच की, त्या बी विंगच्या काचेखाली." आणि मावशींच्या आधी मांजर, मुंगूस, कावळे येऊन गेलेले असतात. आपल्याला पक्षी दिसला नाही म्हणजे तो आपटला नाही असं अजिबात नाही.

पहिलं काम: कोणती काच मारते ते शोधा

सगळ्या खिडक्यांना काही करायची गरज नसते. साधारण एखाद-दोन काचाच त्रासदायक असतात आणि त्या शोधायला बाहेर जावं लागतं, घरात बसून कळत नाही. सकाळी सात वाजता आणि परत दुपारी चारच्या सुमारास खाली उतरा, झाडाच्या बाजूला उभे राहा, आणि तिथून आपल्या खिडकीकडे बघा. काचेत झाडाची फांदी, आभाळ स्पष्ट दिसतंय का? आरपार पलीकडचं काही दिसतंय का? सकाळी साधी दिसणारी काच दुपारी पक्का आरसा झालेली असते, म्हणून दोन वेळा बघायचं.

मग काच जवळून बघा, तिरप्या उजेडात. धुरकट ठसे, चिकटलेलं बारीक पीस, कधी एखादा ओघळ. कबुतर, होले यांच्या अंगावर पिसांची पावडर असते त्यामुळे त्यांचा ठसा छान उमटतो, लहान पक्ष्यांचा बहुतेक उमटत नाही, तेव्हा ठसा नाही म्हणून निश्चिंत होऊ नका.

ज्यांनी ऊन लागतं म्हणून काचेला आतून आरशासारखी फिल्म लावून घेतली आहे, ज्यातून आतून बाहेरचं दिसतं पण बाहेरून आतलं दिसत नाही, त्यांनी तर नक्कीच बघा. ती बाहेरून पूर्ण आरसा असते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आणि कोकणात, लोणावळ्याकडे, गोव्यात सध्या जे बंगले आणि होमस्टे बांधतायत, जंगलाकडे तोंड करून जमिनीपासून छतापर्यंत अखंड काच, त्यांचं तर काय बोलायचं. तिथे पाचू कवडा झाडीतून खालून, सरळ रेषेत, जोरात उडत येतो आणि सरळ काचेवर जातो. तसं घर असेल तर त्या काचेसमोर काही ना काही लावलंच पाहिजे.

जे करून उपयोग होत नाही

यात माझे दोन महिने गेले म्हणून आधीच सांगतो.

मी पहिलं काय केलं तर गरुडाचा काळा स्टिकर आणून काचेच्या मधोमध लावला. पक्षी त्याला घाबरत नाहीत, तो हलत नाही, त्यांच्या लेखी तो एक काळा डाग आहे आणि ते त्या डागाच्या बाजूने जातात, म्हणजे परत काचेवरच. दुसऱ्याच आठवड्यात बुलबुल त्या स्टिकरपासून वीतभर अंतरावर आपटला.

आतून पडदा ओढून घेणं: आरपार दिसणाऱ्या काचेसाठी थोडा उपयोग होतो, पण प्रतिबिंब बाहेरच्या पृष्ठभागावर पडतं त्यामुळे आरशाचा प्रश्न तसाच राहतो, काही काचांत तर मागे गडद पडदा आल्यावर प्रतिबिंब जास्तच उठून दिसतं. आतून लावलेल्या स्टिकरचंही तेच. पक्ष्यांना अल्ट्राव्हायोलेट दिसतं म्हणून मिळणारे पारदर्शक स्टिकरही मी मागवले होते, पण सगळ्या पक्ष्यांना ते सारखं दिसत नाही, आणि सकाळी लवकर किंवा पावसाळी ढगाळ हवेत, म्हणजे नेमकं जेव्हा जास्त पक्षी आपटतात तेव्हाच, त्यांचा असर कमी असतो.

मूळ नियम एकच आहे

काचेच्या बाहेरच्या बाजूला खुणा करायच्या आणि दोन खुणांमधलं अंतर ५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण तीन बोटं, त्याहून जास्त ठेवायचं नाही. लहान पक्षी अगदी चिंचोळ्या फटीतूनही घुसायला बघतो, पण तीन बोटांच्या फटीतून आपण जाणार नाही हे त्याला कळतं आणि तो वळतो. उभे-आडवे दोन्हीकडे हेच अंतर. ठिपका असेल तर निदान ६ मिलिमीटरचा हवा, रेघ असेल तर निदान ३ मिलिमीटर जाड. संपूर्ण काच कडेपासून कडेपर्यंत भरायची, मधे मोकळी जागा सोडायची नाही, नाहीतर ती जागा म्हणजेच पक्ष्याला दरवाजा.

हे खरंच चालतं का असं वाटेल, मलाही वाटलं होतं. शिकागोमधे तलावाच्या काठावर मॅककॉर्मिक प्लेस नावाची इमारत आहे, बुटकीच, पण काचच काच. ५ ऑक्टोबर २०२३ च्या एका सकाळी तिच्या पायथ्याशी जवळजवळ हजार स्थलांतरित पक्षी मरून पडले होते. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी सगळ्या काचांवर बाहेरून बारीक ठिपक्यांची फिल्म बसवली, आणि पुढच्याच हंगामात मरणाऱ्या पक्ष्यांची संख्या साधारण ९५ टक्क्यांनी घटली. फक्त ठिपके, दुसरं काही नाही.

आज संध्याकाळी करता येईल असं

कपडे धुवायच्या साबणाची कोरडी वडी घ्या आणि काचेवर बाहेरून उभ्या रेघा ओढा, तीन-तीन बोटांवर. दहा मिनिटांचं काम. नव्या बिल्डिंगमधे काच बसवल्यावर कामगार चुन्याने फुली मारतात ना, कोणी धडकू नये म्हणून, तसंच. चुना कालवून इअरबडने ठिपके दिले तरी चालतात, मुलांना हे काम फार आवडतं. पोस्टर कलर पण चालतो. पावसात हे सगळं धुऊन जाणार, पण ऑक्टोबर ते मे छान टिकतं आणि मुख्य म्हणजे आजच्या आज होतं.

कायमचा इलाज: रेडियमवाल्याकडे जा

परदेशातून ठिपक्यांच्या तयार पट्ट्या मागवायच्या तर बऱ्याच महाग पडतात. मी गाड्यांच्या नंबरप्लेटचं रेडियम कापून देणाऱ्याकडे गेलो आणि त्याला सांगितलं की मला पांढऱ्या व्हायनलमधे १० मिलिमीटरचे गोल ठिपके हवेत, ५ सेंटिमीटर अंतरावर, चार बाय चार फुटांच्या काचेसाठी. त्याने आधी दोनदा विचारलं की नक्की कशासाठी, मग कॉम्प्युटरवर डिझाइन करून मशीनवर कापून दिलं. चार फुटी काचेला उभे २४ आणि आडवे २४, म्हणजे ५७६ ठिपके होतात, एकेक चिकटवायचं तर हात मोडतील, पण तो वरून कागदी चिकटपट्टी लावून देतो, त्यामुळे फूट-फूट रुंदीचा अख्खा तुकडा ठिपक्यांसकट एकदम काचेवर बसतो आणि मग वरची पट्टी सोलून काढायची. मटेरियल बाहेरच्या वापराचं मागा, गाडीवर लावतात तेच, नाहीतर एका उन्हाळ्यात कडा सुटतात.

पांढराच रंग का, तर आपल्या काचा बहुतेक टिंटेड असतात, बाहेरून काळसर दिसतात, त्यावर पांढरं उठून दिसतं. काळे ठिपके झाडाच्या प्रतिबिंबात हरवून जातात.

लावताना काच आधी साध्या पाण्याने, मग स्पिरिटने पुसून कोरडी करून घ्या, आणि बाहेरच्या बाजूला धूळ, तेलकटपणा कडेच्या रबराजवळ जास्त असतो तिथे जरा जास्त वेळ द्या. हे काम मे महिन्यात उरका, सकाळी काच तापायच्या आधी. पाऊस सुरू झाला की काच कधी पूर्ण कोरडी मिळतच नाही आणि नवरंग तर पावसाबरोबरच येतो.

झालं की परत खाली झाडाजवळ जाऊन बघा. दहा पावलांवरून तुम्हालाच ठिपके नीट दिसत नसतील तर लहान पडलेत. घरातून म्हणाल तर दोन दिवसांत डोळ्याला सवय होते. माझी आई पहिल्या दिवशी म्हणाली की खिडकीला गोवर आल्यासारखं दिसतंय, आता तीच आलेल्या पाहुण्यांना ठिपके का लावलेत ते समजावून सांगत असते.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी कृपा करून खिडकीबाहेर वाकून हे करू नका. स्लायडिंगचं एक शटर सरकवून दुसऱ्याच्या बाहेरच्या बाजूला हात पोचतो तेवढंच करा. शटर ट्रॅकमधून उचलून आत घेता येतं, पण ते जड असतं आणि हातातून सुटलं तर खाली कोणाचा तरी जीव जाईल, त्यामुळे ते काम अल्युमिनियम सेक्शनवाल्या माणसाकडूनच करून घ्या. बिल्डिंगच्या काचा धुवायला दोरीवरून उतरणारी माणसं येतात, त्यांच्याकडूनही होतं.

ठिपके नको असतील तर

मच्छरांची जाळी. ती काचेच्या बाहेरच्या बाजूला असेल तर तुमचं काम आधीच झालंय, प्रतिबिंब मोडतं आणि पक्षी आपटला तरी जाळीवर, काचेवर नाही. आपल्याकडे अर्ध्या खिडकीला जाळी आणि अर्ध्याला काच असं असतं, मग उरलेल्या अर्ध्याचं बघा.

वाळ्याचा पडदा किंवा बांबूची चिक, बाहेरून सोडलेली. उन्हाळ्यात घरही गार राहतं. बंगल्यांना, होमस्टेला तर मी हेच सांगतो.

दोऱ्यांचा पडदा. खिडकीच्या वर बाहेरून एक पट्टी ठोकायची आणि तिला ३-४ मिलिमीटर जाडीच्या नायलॉनच्या दोऱ्या काचेसमोर सरळ खाली सोडायच्या, दोन दोऱ्यांमधे १० सेंटिमीटर अंतर. इथे अंतर जास्त चालतं कारण दोऱ्या काचेच्या पुढे असतात आणि वाऱ्याने थोड्या हलतात. आतून बघताना पावसाच्या सरी धरल्यासारखं दिसतं, मला तरी फार आवडतं ते.

कबुतरांची जाळी गॅलरीला असेल तर मागची काच आपोआप झाकली जाते, पण ती जाळी ताणलेली हवी. सैल झालेल्या, फाटलेल्या जाळीत पक्षी अडकून लटकतात, हे मी दोनदा बघितलंय आणि ते काचेवर आपटण्याइतकंच वाईट मरण आहे. जाळी सैल असेल तर या रविवारी ताणून घ्या.

पाण्याचं भांडं कुठे ठेवायचं

उन्हाळ्यात आपण सगळेच ठेवतो, आणि चांगल्या मनाने केलेली गोष्ट चुकीच्या जागी ठेवल्याने उलटी पडते. भांडं, दाणे काचेपासून एक मीटरच्या आत ठेवा नाहीतर एकदम नऊ-दहा मीटर लांब. एक मीटरच्या आत असेल तर घाबरून उडालेल्या पक्ष्याला वेग घ्यायला जागाच मिळत नाही, आपटला तरी बहुधा जीव वाचतो. तीन-चार मीटर हे सगळ्यात वाईट अंतर, कावळा नाहीतर शिक्रा आला की सगळे एकदम उडतात आणि पूर्ण वेगात काचेवर जातात.

दिव्यांचंही सांगतो. रात्री उडणारे पक्षी उजेडाकडे ओढले जातात, विशेषतः ढग खाली आलेले असताना, आणि मग बिल्डिंगच्या आसपास उतरून सकाळी काचांच्या जंगलात सापडतात. मेअखेर-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या दिवसांत गच्चीवरचे फ्लडलाइट, जिन्याच्या काचेमागचे रात्रभर जळणारे दिवे बंद ठेवा, सोसायटीचं वीजबिलही कमी येतं.

दयाळ, शिंजीर रोज काचेवर टोचा मारतो, ते वेगळं

मार्च ते जुलै या काळात खूप जण विचारतात की एक पक्षी रोज येऊन खिडकीवर नाहीतर स्कूटरच्या आरशावर चोच मारतो. तो नर आहे, त्याची विणीची जागा आहे ती आणि काचेतला "दुसरा नर" हाकलायला बघतोय. याने बहुतेक वेळा मरत नाही पण दमून जातो, दिवसाचे तासन्‌तास त्यात घालवतो. तेवढा भाग बाहेरून वर्तमानपत्राने झाका, स्कूटरच्या आरशावर मोजा चढवा. दोनतीन आठवड्यांत विसरतो.

पक्षी आपटला तर

हे सगळ्यात नीट वाचा, कारण यात आपण प्रेमापोटी चुका करतो.

पाणी पाजू नका. अर्धवट शुद्धीत असलेल्या पक्ष्याच्या चोचीत थेंब टाकला तर तो श्वासनळीत जातो आणि आपल्याच हाताने तो मरतो. हळद लावू नका, दूध-पोळी-भात काही देऊ नका, हवेत उडवून बघू नका. आणि पंखावरून हात फिरवत बसू नका, तुम्हाला ती माया वाटते, त्याला वाटतं आपल्याला पकडलंय.

सुती टॉवेल किंवा जुना टीशर्ट हलक्या हाताने त्याच्यावर टाका आणि पंख अंगाशी मिटवून उचला. शिक्रा, घुबड असेल तर नख्या सांभाळा, खंड्याची चोचही जोरात लागते. बुटांचं खोकं घ्या, झाकणाला पेन्सिलने आठदहा भोकं पाडा, तळाला कापड, आत पक्षी, वर झाकण. खोकं घरातल्या शांत, अंधाऱ्या जागी ठेवा, पंख्याखाली नाही, टीव्हीजवळ नाही, मांजर-कुत्र्यापासून लांब. अंधार हेच त्याचं औषध आहे.

अर्धा-पाऊण तास झाकण उघडू नका, मुलं कितीही मागे लागली तरी. मग खोकं बाहेर मोकळ्या जागी, झाडाजवळ न्या, काचेकडे पाठ करून, आणि झाकण उघडून तिथेच थांबा. बरा असेल तर स्वतः उडेल. नाही उडाला तर परत झाकण लावा आणि अजून तासभर द्या. एवढं होऊनही उडत नसेल, किंवा एक पंख लोंबतोय, मान वाकडी आहे, एक डोळा मिटलेला आहे, रक्त येतंय, तर वाट न बघता मदत बोलवा. महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे, ती फोनमधे आत्ताच सेव्ह करून ठेवा. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल पक्ष्यांवर उपचार करतं. बरा होईपर्यंत घरीच ठेवू असा विचार करू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपले रानपक्षी घरात पाळता येत नाहीत, आणि कायदा बाजूला ठेवला तरी डोक्याला मार लागलेल्या पक्ष्याला डॉक्टरच लागतो. मान मोडून मेला असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ते मेंदूतल्या रक्तस्रावाने होतं, म्हणून उडून गेलेला पक्षी वाचलाच असंही नसतं. तो पुढच्या झाडीत जाऊन तासाभराने पडलेला असू शकतो.

सोसायटीत विषय काढायचा असेल तर

आधी नोंद ठेवा. तारीख, वेळ, कोणत्या विंगची कोणती काच, पक्षी ओळखू आला तर नाव, आणि मोबाइलवर फोटो. मावशींना आणि वॉचमनकाकांना सांगून ठेवा की पक्षी सापडला तर टाकून देण्याआधी मला एक हाक मारा. आमच्याकडे एका पावसाळ्यात अकरा नोंदी झाल्या, त्यातल्या आठ एकाच जिन्याच्या काचेच्या होत्या. मीटिंगमधे "पक्षी वाचवा" म्हटलं असतं तर लोक माना डोलावून पार्किंगच्या विषयावर गेले असते, पण आठ फोटो, आठ तारखा आणि एकच काच हे समोर ठेवल्यावर शेजारच्या कुलकर्णी काकूंनीच सेक्रेटरींना विचारलं की किती खर्च येईल. जिन्याच्या काचेतून कोणाला काही व्ह्यू बघायचा नसतो, त्यामुळे तिथे बाहेरून सरळ फ्रॉस्टेड फिल्म लावून घेतली, एका दिवसात काम झालं.

माझ्या हॉलच्या काचेला आता तीन वर्षं झाली. गणपतीनंतर पाऊस ओसरला की एकदा फिरून बघतो, पंधरावीस ठिपके गळलेले असतात, विशेषतः खालच्या कडेला जिथे पाणी साचतं. म्हणून रेडियमवाल्याकडून पहिल्यांदाच शंभरेक ठिपके जास्तीचे कापून घ्या आणि वहीत घालून ठेवा.